ओव्यांपुरती जागा

दिवाळीत धुरपदाबाईनं धाकट्या भावाला, बजरंगला, नऊ ओव्या फोनात रेकॉर्ड करून दिल्या. जात्यावर बहीण भावाचं नाव गुंफते तशा, एकेका ओवीत बजरंग. गाणी धाडायच्या एवढ्याशा ॲपवरून त्या तिच्या फोनातून त्याच्या फोनात गेल्या अन् तो ऊसतोडीला निघाला. चैत्रात तो परतला तशी ती एसटीनं माहेरी आली.

"लाव की रं एखादी."

"आक्का, त्या काढाव्या लागल्या. ते धाडायचं ॲप लय फुगलंय. त्यात आता गेम हायेत, पिच्चर हायेत, जाहिराती तर इचारू नको. फोन म्हणाया लागला, जागा न्हाई, नको ते काढ."

"आन तू मह्या ओव्यांवर बोट ठिवलंस. कितीक जागा लागत व्हती रं त्यान्ला?"

"काईच न्हाई. कोपऱ्यात पडल्या व्हत्या बिचाऱ्या."

"मंग ते ॲपच काढायचं व्हतं."

"असं कसं, आक्का?" बजरंग कळवळून म्हणाला. "ते काढलं असतं, तर तुह्या ओव्या घेतल्या कशात असत्या?"