निळ्यातलं घर

उकंडानं नकाशावर बोट ठेवलं. "मॅडम, हे माह्या घराची जागा म्हणते तुमची पट्टी. पण इथी तर निळं हाय."

समीक्षा वाकली. बोटाखाली खरंच निळं होतं.

वणीजवळच्या त्या गावात, शाळेच्या व्हरांड्यात जनसुनावणी चालू होती. नवी कोळसा खाण नाल्याच्या काठी मातीचा ढिगारा रचणार होती. पावसाळ्यात नाल्याचं पाणी वस्तीत शिरेल का, एवढंच लोकांना कळायला हवं होतं. उत्तर नकाशात असायला हवं होतं. नकाशाखाली भूशास्त्रज्ञ म्हणून समीक्षाची सही होती. सही तिनं महिन्याभरापूर्वी कोऱ्या चौकटीत केली होती. नकाशा ती आज पाहत होती.

सहाशे मीटरचा कडा एकदम शून्यावर उतरत होता. वणी परिसर समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटर उंच. शून्याच्या पुढे निळ्यात आकडे होते : बारा, सतरा, चाळीस. कोपऱ्यात खोडलेल्या परक्या अक्षरांची सावली, आणि १९१२. उत्तरेकडच्या कुठल्यातरी बर्फाळ किनाऱ्याच्या जुन्या नकाशावर कुणीतरी शाळा, नाला, विहार अशा पट्ट्या चिकटवल्या होत्या.

"सर, हे काय आहे?"

समीक्षाच्या सर्व्हे कंपनीचे मालक रजतसर पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. "सर्व्हेला दोन महिने लागले असते. याच्या रेषा मस्त दिसत होत्या. इथं वाचते कोण?" बोलताना तोंडातला एक तपकिरी थेंब नकाशातल्या खाडीवर पडला. त्यांनी तो अंगठ्यानं पुसला आणि अंगठा खुर्चीच्या पांढऱ्या कापडाला.

समीक्षा उभी राहिली.

"हा नकाशा या गावाचा नाही. हा समुद्रकिनारा आहे. न बघता सही केली, ती चूक माझी. सही मी परत घेते. पाणी कुठं जाईल हे कुणीच मोजलेलं नाही."

सुनावणीच्या साहेबांनी हातातला आलुबोंडा संपवला. बोटं पुसायला त्यांना नकाशाचा कोपराच सापडला.

"शेवटी पाणी समुद्रातच जाते ना, मॅडम?"

पुढच्या रांगेतले दोघंतिघं हसले. साहेब कारकुनाकडे वळले. "लिहा. तज्ज्ञांच्या मते पाणी समुद्रात जाईल. आक्षेप नाही."

कारकुनानं लिहिलं.

उकंडाचं बोट अजून तिथंच होतं. "अन् माह्या घरावर हे सतरा कायले लिवलं?"

"तिथं पाणी किती खोल आहे, ते."