टाचणीखालची चिठ्ठी

“ताई, हा कुठला गं? तुझ्याशिवाय कोणाला कळणार?”

उज्ज्वलने डबी पुढे केली. आत जमीन पोखरून राहणारा शेणकिडा होता. वाटाण्याएवढा, तपकिरी, कपाळावर दुहेरी शिंग. रानडुकरांच्या विष्ठेखाली हातभर खणून काढलेला. स्नेहलने भिंग लावलं. असं शिंग तिने कुठल्याच पुस्तकात पाहिलं नव्हतं.

“साधाच वाटतोय,” ती म्हणाली.

सिंगापूरमधल्या क्लेमेंटी भागातल्या त्या फ्लॅटमध्ये दोघं शेजारच्या खोल्यांत राहायची आणि एकाच लॅबमध्ये काम करायची. तिला सहा वर्षं झाली होती, त्याला आठ महिने. जूनमध्ये दोघांचेही कामाचे पास संपत होते आणि प्रोफेसर तान एकालाच ठेवणार होते. ज्याला नवी जात सापडेल, तो राहणार हे उघड होतं. सहा वर्षं डुकरांमागे हिंडायचं हिने आणि नशीब उघडायचं याचं! तिचा नुसता जळफळाट झाला. रोज सकाळी तो तिच्यासाठी खालच्या खाऊगल्लीतून, हॉकर सेंटरमधून, कोपी म्हणजे तिथली कॉफी आणायचा, त्याचाही तिला राग आला.

“दोघांचा एकेक नमुना जपानला जाऊ दे,” तान म्हणाले. तिथले म्हातारे तज्ज्ञ म्हणतील ती पूर्व दिशा.

स्नेहलकडे पाठवण्याजोगं काही नव्हतं. मागच्या महिन्यातला एक किडा होता, तो तिने भिंगही न लावता साधा म्हणून खणात टाकला होता; शेवटी तोच बाहेर काढला. तिची नजर चुकत नाही, असं लॅबमध्ये सगळेच म्हणायचे.

पार्सल बांधायचं काम तिच्याकडेच आलं. किड्याच्या टाचणीखाली एक चिठ्ठी असते: कुठे सापडला, कधी, कोणाला. त्याचा मालक ठरतो तो तेवढ्यावरूनच. उज्ज्वलने तर फोटोही काढला नव्हता. सगळे जेवायला गेल्यावर तिने दोन्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. उज्ज्वलने मेल वाचली आणि मान खाली घातली. स्नेहलने समजुतीचे शब्द तयारच ठेवले होते.

“अरे, होतं असं. आठ महिन्यांत कोणाला काय मिळतं?”

“तसं नाही, ताई. तुला कसं सांगू तेच कळेना.” त्याचा आवाज अगदी खाली गेला. “तुझ्या चिठ्ठीचा साधाच निघाला. नवी जात म्हणतात तो माझ्या चिठ्ठीचा.”