कमी ताकदीचा ट्रान्सफॉर्मर

वाळूजच्या कारखान्यातल्या साहेबानं करुणाच्या नवऱ्याला डिजिटल कंट्रोलवरची खेळण्यातली आगगाडी दिली, पण ट्रान्सफॉर्मरविना. तो घ्यायला करुणा शहागंजात गेली. नामांतराच्या बंदमुळं दुकानदार मुश्ताकभाईंनी शटर अर्धंच उचललं.

“भाभी, बडावाला लेव. छोटा कमी पडला तर गाडी बाकीचं करंट कुठून तरी ओढंलच ना!”

“नको भाई, पोरीचा हात लागतो रुळाला. सगळ्यात कमी ताकदीचाच द्या.”

घरी गाडी सुसाट धावली. चार वर्षांची शीलू रुळावर तळहात टेकून खिदळत होती. करुणाचा जीव भांड्यात पडला.

मग लाइट गेली. पंखा थांबला, गाडी थांबली नाही.

करुणानं प्लग उपटला. गाडी फिरतच होती. शीलूचं खिदळणं मात्र बारीक होत गेलं.

“शीले, हात काढ गं.”

“नको आई. थांबंल ती.”

करुणानं तिचा हात झटकन उचलला. गाडी मंदावत थांबली. शीलूची मान कलंडली, ओठ काळेनिळे पडले. छाती हलेना.

करुणानं तो गार तळहात पुन्हा रुळावर ठेवला.

गाडीनं वेग घेतला, आणि शीलूनं श्वास.