एक फाइल जात नाही

“बाई, तुमच्या अपग्रेडनं घोळ केलाय. एकही फाइल डिलीट होत नाही,” मुख्याध्यापक म्हणाले. शनिवारी ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांना शाळेचा कॉम्प्युटर साफ करून हवा होता.

लिनक्सची नवी आवृत्ती मीच टाकली होती. सामायिक फोल्डरमध्ये ज्याची फाइल त्यालाच ती डिलीट करता येते, आणि सरांचं खातं नवं उघडलं तरी त्यांच्या फायली जुन्या खात्याच्या नावावरच राहून गेल्या होत्या.

“उघडत बसू नका, नुसतं दुरुस्त करा,” असं बजावून ते निरोपसमारंभाचं बघायला गेले.

एका फाइलीवर माझं आडनाव होतं. मी ती उघडली. मला कायम करावं का, असं संस्थेनं तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा सरांनी एकच उत्तर लिहिलं होतं: ‘घाई नको. कायम झाली की माणसं काम करत नाहीत.’

बारा वर्षं मी ही लॅब सांभाळतेय. सरांच्या मुलीची लग्नपत्रिकासुद्धा मीच इथे बसून केली. दर जूनमध्ये मी विचारायचे आणि सर हळहळायचे, “मी जीव तोडून सांगतोय हो, पण वरूनच अडलंय.”

मी सगळ्या फायली सरांच्या नव्या खात्यावर केल्या. ती एक मात्र माझ्या खात्यावर घेतली.

सर परतले, भराभर डिलीट करत गेले आणि शेवटच्या फाइलीपाशी अडले.

“ही का जात नाहीये?”

“काय करणार सर,” मी म्हणाले, “वरूनच अडलंय.”