सत्यवानाचं गाऱ्हाणं

"बा देवा म्हाराजा!"

शिवा गावकराने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली तेव्हा काशिनाथ मास्तर अजून रवळनाथाच्या देवळाच्या पायरीवर चपला काढत होते. शाळा सुटायला उशीर झाला होता. मागणं काय ते त्यांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, नारळ ठेवतानाच गावकराला सांगून टाकलं होतं.

मास्तरांना वाटलं, त्यात वेगळं काय असणार? सत्त्याऐंशीचा जानेवारी. त्यांचा मुलगा सत्यवान फौजेत होता आणि उद्या युरोपात त्याची बायथलॉनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून धावायचं, मध्येच थांबून पाठीवरच्या बंदुकीने नेम मारायचा, पुन्हा धावायचं. पुरुषांची शर्यत वेगळी, बायकांची वेगळी. या पोराने अठराव्या वर्षापर्यंत बर्फ पाहिला तो मालवणच्या बाजारात, मासळीच्या टोपलीत!

मास्तरांना अभिमान होता, पण भीती त्याहून मोठी होती. सत्यवान घरी एक पत्र पाठवी आणि शाळेच्या पत्त्यावर दुसरं. खरं काय ते शाळेच्या पत्रात असे. "आपल्या पथकातल्या पहिल्या तिघांत आलो तर खेळाडू म्हणून राहीन. नाही तर परत पलटणीत." आणि पलटण होती सियाचिनला. तिथून परतलेल्या इन्सुलीच्या एका जवानाला मास्तर गुपचूप भेटून आले होते. त्याच्या दोन्ही पायांना बोटं उरली नव्हती.

घरी मात्र त्यांनी सांगितलं होतं, पलटण बेळगावात आहे. कचेरीत बसून कागद लिहायचे आणि दोन वेळ गरम जेवायचं. सुगंधाबाईंनी ते मुकाट मानलं. स्पर्धेचं तेवढं मानलं नाही.

"खेळ म्हणतास? मगे बंदुको कित्याक?" त्या म्हणाल्या होत्या. "बायलमाणसांकय बंदुको दिल्यानी, म्हणजे केवढी मोठी लढाय ती! माका फसवू नकात."

मास्तरांनी चार दिवस समजावलं. खोटं एका वाक्यात पटलं होतं, खऱ्याला चार दिवस पुरले नाहीत.

"ह्या बायचो झील परमुलखात लढाईत अडाकलो आसा," गावकर म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" सभामंडपातल्या माणसांनी एका सुरात साथ दिली.

मास्तर पायरीवरच थबकले.

"तेच्या हातसून कोणाचो जीव जावक नको, तेच्या बंदुकीची गोळी खंयच लागाक नको. सगळे गोळये फुकट जावंदेत."

"व्हय म्हाराजा!"

"बाकीच्यांका फुडे जावंदे. तेका सगळ्यांच्या मागसून चलव."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या लढायेतसून सोडवन तेका बेगीन तेच्या पलटणीत नेवन घाल!"

"व्हय म्हाराजा!"

मास्तरांच्या मनात आलं, करायला गेलो एक आणि झालं भलतंच. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं, तोडलं तर मागणं उलटतं, असं गाव मानतं. मास्तर वर्गात असल्या समजुतींची टर उडवत. आता ते ओरडून थांबवू शकत होते. पण थांबवून सांगायचं काय? पलटण कुठे आहे ते? सगळ्या गावासमोर, तिच्यासमोर? मग त्या बाईने पुढची रात्र कशी काढायची, आणि त्यानंतरच्या सगळ्या?

गावकर नारळ उचलता उचलता थांबला. "मास्तरांनू, घरच्या पुरुषाचो आवाज येवक नाय. तेच्याबगर ह्या देवाक पोचाचा नाय."

सुगंधाबाईंनी वळून पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा शांत दिसत होता. "म्हणा ना वो," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्याच झिलासाठी आसा."

सगळं देऊळ वाट पाहत होतं. मास्तरांनी हात जोडले.

"व्हय म्हाराजा."