दादामियाँचं मलम

दादामियाँनी चांदणीचा पुढचा पाय मांडीवर घेतला आणि खुराच्या भेगेवर अंगठा दाबला. खुराला नख रुतलं होतं. घोडीच्या खुराला कधी नख रुततं का?

"वहिनी, हे मऊ पडलंय," ते म्हणाले. "तळव्याला वासही येतोय."

सत्यशीलाने चेहरा ताठच ठेवला. परवा मांजरी गावात हंगामाचं पहिलं लग्न. नवरदेव चांदणीवर बसून निघायचा होता, आणि चांदणी तर तबेल्याबाहेर चार पावलं टाकायला तयार नव्हती. एकुलती एक घोडी, तिच्यावर सगळं घर.

"तुमचंच मलम हाय, चाचा. दसऱ्यापासून लावतीय. भेग काय मिटंना."

दादामियाँ खडकीचे नालबंद. चाळीस वर्षं घोड्यांना नाल ठोकतायत. मेण, जवसाचं तेल आणि आणखी कसली तरी पूड घालून मलम घरीच करायचे. डब्यावर ना नाव, ना गाव. सत्यशीलाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. घोडी बरी झाली तर ह्या म्हाताऱ्याला बोलावणार कोण? मुद्दामच भेग राखून ठेवत असणार! एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की ते काय उतरतंय?

मग तिने गुपचूप कॅम्पातून खुराच्या तेलाची बाटली आणली. चकचकीत, झाकणालाच ब्रश, वर उधळलेल्या काळ्या घोड्याचं चित्र. आठवड्यातून दोनदा लावा, असं लिहिलं होतं. दोनदा लावून एवढा गुण, तर रोज लावून किती येईल! मलमावर सकाळी एक हात, संध्याकाळी एक हात. दादामियाँ यायच्या दिवशी मात्र गरम पाण्याने, साबणाने खूर घासून काढायचे, म्हाताऱ्याला पत्ता लागायला नको म्हणून. महिनाभर हाच उद्योग. एवढ्याने दगडसुद्धा मऊ पडला असता. पण हे तिला सांगणार कोण? तिने कुणाला विचारलंच नव्हतं.

"वहिनी, एक विचारू? ह्याच्यावर दुसरं काही लावता का?"

"मी कशाला लावू?" ती फाडकन बोलली. "माझ्यावर वहीम घेताय व्हय?"

"नाही, नाही. तुम्ही नाही म्हणता म्हणजे नाही."

त्यांनी पाय हळूच खाली ठेवला. मलमाचा डबा उघडला, बोटावर घेऊन हुंगलं, जिभेला लावलं, थुंकले. पुन्हा हुंगलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. सत्यशीलाला ते बघवेना. खरं सांगून टाकावं, असं अगदी ओठाशी आलं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं?

"हिला परवा नेऊ नका," दादामियाँ म्हणाले. "खूर कोरडा राहू द्या, काहीही लावू नका. परवासाठी मी ओळखीतली घोडी पाठवतो. तुमच्याच नावावर जाईल."

मग त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

"संपत? अरे, मी दिलेलं मलम घोड्याला लावू नकोस. लावलेलं पुसून काढ... हो, माझ्याच मलमात खोट निघाली."

दुसरा फोन. तेच. तिसरा रणजितसाहेबांना, तेही मलमाचं जुनं गिऱ्हाईक. तिकडून त्यांनी काहीतरी विचारलं असावं. दादामियाँनी सत्यशीलाकडे पाहिलं आणि ते किंचित हसले.

"छे हो साहेब! त्या बाईंवर कसला संशय घेता? त्यांच्याइतकं घोडीला जपणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही."