आधी कार्ड, मग नाव

पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातील कार्डाची नारिंगी पट्टी बाहेरून दिसते, हे सहदेवच्या ध्यानात आले ते कोपरीतील त्या इमारतीचा दुसरा मजला चढून गेल्यावर. दारासमोर चपलांचा ढीग होता. त्याने खिशावर हात ठेवला. पण मागून मितेश वर येत होता, आणि त्याने पट्टी पाहिली होती.

"समाचाराला आलात की इंटरव्ह्यूला, सहदेवराव?"

"तू कशाला आलायस?"

"समाचारालाच." मितेशने पँटच्या खिशावर हलकेच थाप मारली. "माझं कार्ड आत आहे. एवढाच फरक."

दोघे कामाला होते तो कारखाना बंद झाला, त्याला पाच महिने झाले होते. रवींद्रच्या कारखान्यात तपासनिसाची एक जागा रिकामी होती. एकच. ती कोणाला द्यायची हे रवींद्र उद्या सकाळी कळवणार होता. मंगळवारी त्याचे वडील, आबा, वारले. तेव्हापासून तो घराबाहेर पडला नव्हता आणि फोन घेत नव्हता. भेटायचे तर इथेच, आणि आजच.

खोलीत सतरंजी अंथरली होती. आबांच्या फोटोपुढे समई तेवत होती. फोटोशेजारी त्यांच्या पत्नी रमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या पलीकडे रवींद्र. आठ-दहा माणसे होती. सहदेवने फोटोला हात जोडले आणि कडेची जागा धरली. मितेश सरळ रमाबाईंसमोर जाऊन बसला.

"काकू, आबा माझ्याशी किती बोलायचे," तो म्हणाला. "या गणपतीत त्यांचा फोन आलेला. म्हणाले, मितेश, रवीला भेट, मी त्याला सांगून ठेवतो."

"असं म्हणाले?"

"अगदी असंच."

रमाबाईंनी मान हलवली. रवींद्र सतरंजीची शिवण पाहत राहिला. सहदेवला वाटले, जागा गेली. मेलेल्या माणसाच्या शब्दापुढे बावीस वर्षांच्या अनुभवाचे काय चालणार होते?

"आणि तुम्ही कोण?" रमाबाईंनी त्याच्याकडे वळून विचारले. "मी ओळखलं नाही तुम्हाला."

डोंबिवलीच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, सान्वीने बापाकडून हे पाठ करून घेतले होते. "बाबा, कोणी 'तुम्ही कोण' विचारलं की घोळ घालत बसायचं नाही. आधी कार्ड, मग नाव." आठवडाभर रोज संध्याकाळी ती प्रश्न विचारी आणि तो कार्ड काढी, इतक्या वेळा, की आता हाताला सहदेवची गरज उरली नव्हती. हात खिशात गेला, बाहेर आला, आणि कार्ड रमाबाईंच्या तळहातावर पडले.

मग त्याला कळले, आपण काय केले.

रमाबाईंनी कार्ड दूर धरले, जवळ आणले. "चष्मा नाही माझ्याकडे. रवी, वाच रे. कोण आहेत?"

रवींद्रने कार्ड घेतले. त्यावर चार ओळी होत्या. सहदेवचे नाव. गुणवत्ता तपासनीस, बावीस वर्षांचा अनुभव. फोन नंबर. आणि तळाशी, नारिंगी पट्टीवर, 'त्वरित रुजू होण्यास तयार'. रवींद्रची नजर तळापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. खोलीतील माणसे ऐकण्यासाठी किंचित पुढे झुकली होती. मितेशने ओठ आवळून हसू दाबले.

"सहदेव नाव आहे त्यांचं," रवींद्र म्हणाला. "आबांच्या हाताखाली होते, पूर्वी."

कार्डावर असे काहीही नव्हते.

"अगोबाई," रमाबाई सरसावून बसल्या. "मग सांगा ना. कसे होते हो ते कामावर?"

एक वाक्य पुरे होते. आबा फार शिस्तीचे होते, हे कोणत्याही गेलेल्या माणसाविषयी म्हणता येते. वाक्य ओठांवर आले होते. समोर रवींद्र होता. त्याने स्वतःच वाट करून दिली होती, आणि आता ती सहदेव मोडतो की काय, या धास्तीने तो पाहत होता. न घेतलेले माप कागदावर लिहिण्याची वेळ बावीस वर्षांत अनेकदा आली होती, आणि त्याने ते लिहिले नव्हते; पण तेव्हा पगार चालू होता.

"काकू," सहदेव म्हणाला, "मी त्यांच्या हाताखाली नव्हतो. मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही. मला नोकरी नाही. ते कार्ड साहेबांना द्यायचं होतं. हात चुकला माझा."

कोणी खाकरले. रवींद्रचा चेहरा लाल झाला. सहदेव उठला, आणि एवढ्या माणसांमधून दारापर्यंत कसे जायचे ते त्याला सुचेना.

"बसा," रमाबाई म्हणाल्या.

तो उभाच राहिला.

"चार वर्षं यांची वाचा गेली होती." त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या. "पाणी हवं असलं तरी पलंगाच्या दांडीवर बोट वाजवायचे. आणि मंगळवारपासून जो येतो तो मला सांगतोय, आबा माझ्याशी काय काय बोलले. मी आपली ऐकते. बसा तुम्ही."

सहदेव बसला. मितेश समईकडे पाहू लागला. त्याचा हात पँटच्या खिशावर गेला.

रवींद्रने कार्ड परत देण्यासाठी अर्धवट पुढे केले, थांबला, आणि ते सदऱ्याच्या खिशात ठेवले. त्याचाही सदरा पांढरा होता. नारिंगी पट्टी समोर बसलेल्या प्रत्येकाला दिसत होती.